ग्रेड तीन म्हणजे नेमकं काय?

कोलाडला राफ्टिंगच्या बुकिंगसाठी फोन लावला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘‘ग्रेड टू-थ्री आहे सर, काही टेन्शन नाही.’’ ऋषिकेशला तीच चौकशी केली तर ‘‘थ्री आहे, मध्ये एक-दोन फोर लागतील’’ असं कानावर पडतं. विचारणारा ‘‘बरं, बरं’’ म्हणतो आणि फोन ठेवून मनाशी हिशेब मांडतो. माप सहापर्यंतचं, आपलं तीन, म्हणजे निम्मा धोका. पोहता येत नाही, पण निम्म्याला काय घाबरायचं! घरी आईला सांगताना तो तीनचे दोन करतो आणि विषय मिटवतो.

हा हिशेब पहिल्या पायरीपासूनच चुकलेला आहे. एक ते सहा हे आकडे धोक्याची टक्केवारी सांगत नाहीत. सहा म्हणजे तीनच्या दुप्पटही नव्हे. आणि एकाच नदीचा आकडा सकाळ-संध्याकाळ तोच राहील, याची हमी कोणी देत नाही. मग हा आकडा सांगतो तरी काय? ते कळायला आधी पाणी खळाळतं कशानं, हे पाहायला हवं.

१. पाणी पांढरं कशानं होतं?

नदीच्या ज्या तुकड्यात पाणी उसळत, फेसाळत जातं त्याला राफ्टिंगवाले ‘रॅपिड’ म्हणतात. रॅपिड घडायला चार गोष्टी लागतात: उतार, पाण्याचं प्रमाण, पात्राची रुंदी आणि तळाचा खडबडीतपणा. चारांपैकी एकच असून भागत नाही. गुळगुळीत सिमेंटच्या कालव्यातून पाणी जोरात धावलं तरी त्याला रॅपिडसारख्या लाटा येत नाहीत, कारण अडवायला तळाशी काही नसतं.

उतार मोजायची रीत सोपी आहे. समजा, बारा किलोमीटरच्या पट्ट्यात नदी ६० मीटर खाली उतरते, तर उतार झाला किलोमीटरमागे ५ मीटर. पण ही सरासरी फसवी असते. हे पाच मीटर अख्ख्या किलोमीटरभर सारखे पसरलेले असतील तर पाणी नुसतंच भरभर वाहतं. त्यातले चार मीटर एकाच कातळावरून उतरत असतील, तर बाकीचा किलोमीटर डोहासारखा संथ आणि तो एक टप्पा अंगावर येणारा. कागदावर मात्र दोन्ही नद्यांचा उतार सारखाच.

आता रुंदी. पात्र वीस मीटर रुंद आहे, पाणी एक मीटर खोल आहे आणि ते सेकंदाला दोन मीटर पुढे सरकतंय असं धरू. तिन्हींचा गुणाकार चाळीस. म्हणजे दर सेकंदाला चाळीस घनमीटर, वजनात चाळीस टन पाणी त्या जागेवरून जातं. पुढे दोन्ही काठांचे खडक जवळ येऊन पात्र दहा मीटरच उरलं आणि खोली तेवढीच राहिली, तर तेवढंच पाणी पुढे जायला वेग दुप्पट व्हावा लागतो: सेकंदाला चार मीटर. वाटेत आलेल्या वस्तूवरचा पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. प्रत्यक्षात अरुंद जागी पाणी थोडं फुगतं, त्यामुळे वेग अगदी दुप्पट होत नाही, पण अंदाज यायला हे गणित पुरे. सेकंदाला चार मीटर म्हणजे ताशी साधारण साडेचौदा किलोमीटर. सायकलचा वेग. ऐकायला किरकोळ वाटतो, पण इथे सायकलऐवजी दर सेकंदाला चाळीस टन पाणी येतंय.

पांढरा रंग येतो तो हवेमुळे. खडकांवर आपटून पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि पाणी विरळ होतं. अशा फेसात लाइफ जॅकेटही नेहमीइतकं तरंगवत नाही आणि वल्ह्यालाही पकड मिळत नाही. फेस दिसला म्हणजे पाणी उथळ असेल, असं अनेकांना वाटतं. तसा काही नियम नाही.

२. गाइड पाण्यात काय बघतो?

राफ्टच्या मागच्या टोकाला बसलेला गाइड रॅपिड यायच्या आधी उभा राहून पुढे बघतो, तेव्हा तो आधी वाट शोधत असतो. दोन खडकांमधून मुख्य धार उतरते तिथे पाण्याचा गुळगुळीत, काळपट त्रिकोण दिसतो. त्रिकोणाचं टोक प्रवाहाच्या दिशेला असेल तर ती मोकळी वाट. टोक उलट, आपल्याकडे असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक आहे. एवढी एक खूण कळली तरी कोलाडच्या कुंडलिका नदीतला निम्मा प्रवास समजू लागतो.

त्रिकोणाच्या पुढे लाटा असतात. समुद्राची लाट पुढे सरकते, ही एकाच जागी उभी असते. पाणी तिच्यातून निघून जातं. ओळीनं उभ्या, एकसारख्या लाटा दिसायला भयंकर आणि वागायला बहुधा सरळ. राफ्टचं तोंड सरळ ठेवायचं, जोरानं वल्हवायचं, भिजायचं आणि ओरडायचं. जाहिरातीतले फोटो बहुतेक इथलेच असतात.

खरी गाठ ‘होल’शी असते. मोठ्या खडकावरून पाणी पलीकडे कोसळतं, तळाशी जातं आणि तिथून वर येताना पृष्ठभागावरचं पाणी उलट, खडकाच्या दिशेनं ओढलं जातं. वरून बघितलं तर खडकाचा माथा गुळगुळीत दिसतो, त्याच्या लगेच खाली खळगा आणि खळग्याच्या पुढे सतत मागे कोसळणारी फेसाची भिंत. वेग कमी ठेवून किंवा आडवी होऊन राफ्ट त्यात शिरली, तर पुढे जायच्या ऐवजी तिथेच घुटमळते. वरच्या प्रवाहाकडची कड पाण्याखाली जाते आणि बघता बघता राफ्ट उलटते. म्हणून होल टाळता येण्यासारखा नसेल, तर गाइड ऐन वेळी ‘‘फॉरवर्ड! हार्ड फॉरवर्ड!’’ असं ओरडतो. नवख्या माणसाला त्या क्षणी वल्हं सोडून दोर धरावासा वाटतो. पण राफ्टला तेव्हा गरज असते ती वेगाची.

खडकामागची निवांत जागा, जिथे पाणी उलटं, हळूहळू गोल फिरतं, ती मात्र मित्र असते. तिला ‘एडी’ म्हणतात. थांबायचं, पुढच्याची वाट बघायची, पाण्यात पडलेल्याला उचलायचं, ते सगळं इथेच.

३. एक ते सहा

जगभर चालणाऱ्या या मापाचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रूप अमेरिकेतल्या ‘अमेरिकन व्हाइटवॉटर’ या संस्थेचं आहे. ही संस्था १९५४ची. कोणी ‘क्लास’ म्हणतं, कोणी ‘ग्रेड’. आकडे रोमनमध्ये लिहायची पद्धत आहे.

पहिल्या ग्रेडमध्ये पाण्याला ओढ असते, वर बारीक तरंग असतात, अडथळे दिसतात आणि सहज टाळता येतात. ऋषिकेशला दोन रॅपिडच्या मधल्या संथ पट्ट्यात गाइड ‘‘उतरा पाण्यात’’ म्हणतो, तो हाच. दुसऱ्या ग्रेडमध्ये रॅपिड असतात, पण वाट रुंद असते आणि राफ्टमध्ये बसूनच ती दिसते. पडलेल्याला इजा क्वचित होते.

तिसरी ग्रेड जरा नीट समजून घ्यायला हवी, कारण भारतातल्या बहुतेक पर्यटकांची गाठ तिच्याशीच पडते. इथे लाटा मध्यम पण अनियमित असतात, टाळणं अवघड जाऊ शकतं. जोरदार धारेत राफ्ट वळवावी लागते, अरुंद जागेतून किंवा खडकाच्या कडेनं काढावी लागते. पडलेला माणूस बहुधा स्वतःचं स्वतः निभावतो, पण लांबवर वाहत जायचं टाळायचं तर दुसऱ्यांची मदत लागू शकते. पोहता न येणाऱ्याला ही ट्रिप करता येते. चांगलं लाइफ जॅकेट घट्ट बांधलेलं हवं, शिकलेला गाइड हवा आणि सोबत सुटका करायला सेफ्टी कयाक किंवा दुसरी राफ्ट हवी. या तिन्हींतलं एक जरी नसेल, तर तीन हा आकडा त्या माणसासाठी लिहिलेलाच नाही.

तीनहून चारकडे जाताना फक्त लाटा मोठ्या होतात असं नाही. चुकीची किंमत बदलते. चौथ्या ग्रेडचं पाणी जबरदस्त असतं, तरी त्याचा अंदाज बांधता येतो. पण राफ्ट अमुक जागी अमुक कोनातच असावी लागते. आधी काठावर उतरून रॅपिड बघून यावं लागू शकतं. पडलेल्याला दुखापत होण्याची शक्यता मध्यम ते जास्त, आणि स्वतःहून बाहेर पडणं अवघड. ऋषिकेशच्या वरचे ‘गोल्फ कोर्स’ आणि ‘रोलर कोस्टर’ पाण्याच्या पातळीनुसार तीन-चारच्या सीमेवर येतात. त्याही वर, कौडियालाच्या पट्ट्यातला ‘द वॉल’ चारच्या वर धरला जातो. (गंगेवरच्या रॅपिडना ‘रिटर्न टू सेंडर’, ‘थ्री ब्लाइंड माइस’ असली नावं कशी पडली असतील, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.)

पाचवी ग्रेड लांबलचक, अडथळ्यांनी भरलेल्या किंवा अतिशय हिंसक रॅपिडची. हिला वरची कड नाही. कसब आणि साधनं सुधारत गेली तशी पाचमध्येच इतकी तफावत पडली, की पुढे पाच पॉइंट शून्य, पाच पॉइंट एक, पाच पॉइंट दोन असे पोटविभाग करावे लागले. सहावी ग्रेड म्हणजे जिथे जवळजवळ कोणी उतरत नाही ती. आणि इथे गंमत आहे. सहाचं पाणी पुन्हा पुन्हा यशस्वीपणे पार होऊ लागलं, तर त्याचा आकडा खाली, पाचात आणता येतो. पाणी तेच, माणसं बदलली.

न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळ कैतुना नदीवर सात मीटरचा तुतेआ धबधबा आहे. पर्यटकांच्या राफ्ट त्यावरून रोज उतरतात, ग्रेड पाच. झिंबाब्वे आणि झांबियाच्या सीमेवर, व्हिक्टोरिया धबधब्याखालच्या झांबेझीत नववा रॅपिड लागतो. त्याचं नाव ‘कमर्शियल सुइसाइड’. तो सहा धरतात आणि पर्यटकांना आधीच उतरवून काठाकाठानं चालायला लावतात. म्हणजे नुसत्या उंचीवरून ग्रेड ठरत नाही; खाली मोकळा, खोल डोह आहे की कातळ, हेही पाहावं लागतं.

४. आकडा धोक्याचा नव्हे, कसबाचा

मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ग्रेड मुख्यतः सांगते ती नाव हाकणाऱ्याला लागणाऱ्या कसबाची पातळी. घाट किती अवघड हे सांगणारा माणूस वळणं, चढ आणि रस्त्याची रुंदी सांगतो. गाडीचे ब्रेक कसे आहेत, ड्रायव्हर झोपलाय का आणि कठड्यापलीकडे दरी किती खोल आहे, हे त्यात येत नाही. ग्रेडचंही तसंच.

याचा सगळ्यात चांगला पुरावा महाराष्ट्रातल्या नद्यांवर जागोजागी उभा आहे: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात आणि पूर आला की पाणी मोऱ्यांमधून आणि वरूनही जातं. बंधारा ओलांडून पडणारं पाणी खाली काठापासून काठापर्यंत सलग लोळत राहतं. नैसर्गिक होलला बहुधा एखादी बाजू मोकळी असते, धार कडेनं निसटते. माणसानं सरळ रेषेत बांधलेल्या भिंतीखाली ती फट नसते. पडलेली लाकडं, बाटल्या, चेंडू तिथेच गोल गोल फिरताना दिसतात, आणि माणूसही तसाच फिरू शकतो. मोऱ्यांमध्ये अडकलेल्या झुडपा-ओंडक्यांचा धोका वेगळाच. पाणी त्यांच्यातून गाळून जातं, माणूस अडकतो. वरून येणाऱ्याला मात्र बंधाऱ्याच्या अलीकडे पाणी शांत, सपाट दिसतं. उसळी नाही, फेस नाही. नाव हाकायला लागणारं कसब शून्य, आणि धोका जिवाचा.

दुसरं उदाहरण गुडघाभर पाण्याचं. राफ्टमधून पडलेल्या माणसाची पहिली ऊर्मी असते पाय टेकवून उभं राहण्याची. वाहत्या पाण्यात नेमकं तेच करायचं नसतं. पाऊल तळाच्या दोन दगडांच्या फटीत शिरतं, मागून धार रेटते, माणूस पुढे वाकतो आणि अडकलेला पाय निघत नाही. गुडघाभर पाण्यात माणूस बुडतो तो असा. म्हणून निघण्याआधी काठावर गाइड कंटाळा येईपर्यंत सांगतो: पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा, पावलं पाण्याच्या वर दिसू द्या, उभं राहू नका. हा धोका दुसऱ्या ग्रेडच्या पाण्यातही असतो.

५. नदी तीच, आकडा वेगळा

कुंडलिकेतलं राफ्टिंग सकाळी का असतं? कारण नदीला तेव्हा पाणी सुटतं. मुळशी धरणाचं पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज करून झाली की पुढे नदीत सोडलं जातं. मुळा नदीचं हे पाणी आपल्या वाटेनं गेलं असतं, तर पुण्यावरून भीमेला मिळून पंढरपूरला पोचलं असतं. ते घाट उतरून कोकणात येतं आणि मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना दोन-तीनच्या ग्रेडचे रॅपिड देऊन अरबी समुद्राकडे जातं. पाणी सोडलं नाही त्या दिवशी ट्रिप नाही. दांडेलीची काळी नदीही अशीच, सुपा धरणाच्या पाण्यावर.

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या म्हादईवर राफ्टिंग होतं ते पावसाळ्याच्या महिन्यांत, कारण एरवी राफ्ट तरंगेल इतकं पाणी नसतं. गंगेवर नेमकं उलट. जुलै-ऑगस्टमध्ये ऋषिकेशचं राफ्टिंग बंद असतं, कारण पाणी नको इतकं होतं.

पण पाणी वाढलं की ग्रेड वाढते, असं सरसकट म्हणता येत नाही. पाणी चढलं की काही खडक पूर्ण बुडतात आणि त्यांच्यावरचे होल विरून जातात. काही ठिकाणी कालपर्यंत उघडे असलेले खडक पाण्याच्या पातळीला येतात आणि नवे होल जन्माला येतात. झांबेझीत मोठे रॅपिड दिसतात ते पाणी कमी असताना, साधारण ऑगस्ट ते डिसेंबर. पूर असतो तेव्हा वरचे रॅपिड बंद ठेवून राफ्ट खालून सोडतात.

कधी तळच बदलतो. अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवरचा ‘क्रिस्टल’ हा रॅपिड १९६६च्या डिसेंबरपर्यंत फारसा कोणाच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता. त्या महिन्यात बाजूच्या ओढ्याला आलेल्या पुरानं दगडधोंड्यांचा लोंढा पात्रात आणून टाकला, पात्र अरुंद झालं आणि क्रिस्टल त्या नदीवरच्या सगळ्यात धास्तीच्या रॅपिडमध्ये जाऊन बसला. तिथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: ग्रँड कॅन्यनमध्ये जुनं माप एक ते दहाचं आहे. तिथला सहा म्हणजे आपला सहा नव्हे.

थंडीही हिशेबात घ्यावी लागते. लडाखमधल्या झंस्कार नदीचं पाणी हिमनद्यांचं. इतक्या गार पाण्यात बोटांतली ताकद काही मिनिटांत जाते, फेकलेला दोर धरवत नाही. शिवाय पदुमहून निम्मूकडे जाताना कित्येक दिवस घळीतून जावं लागतं, आणि पूर्वी तर मधूनच गाडीरस्त्याला लागता येत नसे. म्हणूनच अमेरिकन मापाची शिफारस अशी की, पाणी दहा अंश सेल्सियसच्या खाली असेल किंवा प्रवास दुर्गम भागातला असेल, तर तो टप्पा आकड्याहून एक ग्रेड अवघड समजावा. कागदावरचा तीन तिथे चारसारखा वागतो.

६. काठावर विचारायचं ते

जाहिरातीच्या फलकावरचा आकडा कधी फुगवलेला, कधी उतरवलेला असतो. पाच लिहिलं की साहस विकलं जातं, दोन लिहिलं की कुटुंबं येतात, आणि एकच नदी गरजेप्रमाणे दोन्ही होते. त्यामुळे आकडा आधी उलगडून घ्यावा. ‘तीन, कंसात चार’ असं लिहिलेलं असेल, तर बहुतेक पट्टा तीनचा आणि मध्ये एखादा रॅपिड चारचा, असा त्याचा अर्थ. तो एक रॅपिड चालत ओलांडायची सोय आहे का, हे बेधडक विचारावं. त्यात भित्रेपणा काही नाही. झांबेझीवरचे मुरलेले गाइडही नववा रॅपिड आला की पर्यटकांना खाली उतरवतातच.

त्यानंतर विचारायचं ते आजच्या पाण्याबद्दल. चांगला गाइड काठावरचा एखादा खडक दाखवून सांगतो, काल तो उघडा होता, आज वर वीतभर पाणी आहे, म्हणून अमुक रॅपिड डावीकडून घेणार. सोबत सेफ्टी कयाक आहे का, पट्ट्याच्या मध्यावर बाहेर पडायला रस्ता आहे का, हेही तो न विचारता सांगून टाकतो. लाइफ जॅकेटचे पट्टे तो स्वतः ओढून बघतो आणि खांद्याशी धरून वर उचलतो. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर दुसरं देतो. हेल्मेट कपाळावरून मागे ढकललेलं दिसलं तर ते पुढे ओढतो.

‘‘आज पाणी किती आहे?’’ या प्रश्नाला जिथे फक्त ‘‘ग्रेड टू-थ्री, काही टेन्शन नाही’’ एवढंच उत्तर मिळेल, तिथे पैसे भरू नयेत.